पिशवी आपली, कागद परमुलखाचा

वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असते. रविवारी वाचन आटोपले की अर्धा तास मी आरोग्यावर बोलते. बीपी, अंगात रक्त कमी असणे, पाळीचे दुखणे, लेकरांच्या लसी, असे नेहमीचेच विषय. पण गेल्या वर्षावासात एकाच महिन्यात दोन प्रश्न असे आले की त्यांची उत्तरे त्या अर्ध्या तासात मावली नाहीत. म्हणून आजचे हे पान त्यासाठी.

पहिली आली ती तिशीतली एक बाई. दोन लेकरे. नवराबायको दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारे. सगळ्या बाया निघून गेल्यावर ती हळूच म्हणाली, "ताई, औंदा मुकादमाची उचल घ्यायची नाही म्हणते. एक बाई भेटली. ती म्हणते, वर्षभर परदेशात राहायचं, दुसऱ्याचं लेकरू पोटात वाढवायचं अन् पाच लाख घेऊन परत यायचं. पासपोर्ट, तिकीट समदं तेच काढून देणार. सही करू का?"

मी विचारले, कोणता देश? तिला नाव सांगता येईना. कागद कोणत्या भाषेत आहे? "इंग्रजीतच असंल."

दुसरे आले ते एक शिक्षक जोडपे. लग्नाला बारा वर्षे झाली, मूल नाही. मोबाइलवर एका एजन्सीची जाहिरात दाखवली. परदेशात सरोगसी, बाळाची हमी, सगळे कायदेशीर. सर म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे अटी फार आहेत. तिकडे जाऊन केलं तर चालतं ना?" वडिलोपार्जित दीड एकर विकायचीही त्यांची तयारी होती.

या दोघांची एकमेकांशी ओळख नाही. पण दोघेही एकाच बाजारात उभे होते. एकीला विकायला बोलावले होते, दुसऱ्यांना विकत घ्यायला. आणि बाजाराने दोघांनाही एकच गोष्ट सांगितली होती की देशाची सीमा ओलांडली की सगळे सोपे होते.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. सीमा ओलांडली की काही सोपे होत नाही, कायदा तेवढा मागे राहतो. पोटात बाळ वाढवणारीचाही आणि बाळ नेणाऱ्यांचाही. आणि आपल्या समाजाने या बाजारात कोणत्याच बाजूला उभे राहू नये.

आणंद ते काठमांडू

सरोगसी म्हणजे एका जोडप्याचे बाळ दुसऱ्या बाईने आपल्या गर्भाशयात वाढवणे. नवऱ्याचे शुक्राणू आणि बायकोचे स्त्रीबीज (किंवा दात्याचे) प्रयोगशाळेत एकत्र करून भ्रूण तयार करतात आणि तो तिसऱ्या बाईच्या पिशवीत सोडतात. नऊ महिने ती वाढवते, बाळंत होते आणि बाळ देऊन टाकते. 'मला आई व्हायचंय!' हा २०११ चा समृद्धी पोरे यांचा मराठी चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. परदेशी बाईसाठी मूल वाढवणाऱ्या आपल्याकडच्या खेड्यातल्या बाईची ती गोष्ट. त्याच गोष्टीवरून पुढे हिंदीत 'मिमी' आला. ती गोष्ट हवेतून आलेली नव्हती.

२००२ नंतर दहाबारा वर्षे आपला देश या धंद्याची मोठी बाजारपेठ होता. गुजरातमधले आणंद तर त्यासाठी जगभर माहीत झाले. जपान, जर्मनी, अमेरिका, इस्राएल, सगळीकडून जोडपी यायची. डॉक्टर इथले, बाई इथली, दर त्यांच्या देशापेक्षा कितीतरी कमी. आणि कायदा मात्र नव्हता. २००५ मध्ये आयसीएमआरने मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्या मोडल्या तर शिक्षा कुठलीच नव्हती.

कायदा नसला की काय होते ते २००८ मध्ये दिसले. एका जपानी जोडप्याने आणंदमध्ये सरोगसी केली. बाळ जन्मायच्या आधीच त्या दोघांचा घटस्फोट झाला. बायकोने बाळ नको म्हटले. स्त्रीबीज अनोळखी दात्या बाईचे, पोटात वाढवणारी तिसरीच. मुलगी जन्मली आणि तिची आई कोण, हेच ठरेना. आई नाही म्हणून पासपोर्ट नाही, पासपोर्ट नाही म्हणून देश नाही. बापाचा व्हिसा संपला, तो परत गेला. आजी जपानहून येऊन बाळाला सांभाळत बसली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा कुठे काही महिन्यांनी बाळाला जाता आले. त्याच वर्षी आणंदलाच एका जर्मन माणसाची जुळी मुले जन्मली. जर्मनी सरोगसी मानत नाही, म्हणून ती दोन लेकरे २०१० पर्यंत इथेच अडकून पडली.

या दोन्ही प्रकरणांत पैसेवाले, शिकलेले, परदेशी पासपोर्टवाले लोक अडकले होते. आपल्या शिक्षक जोडप्याने हे ध्यानात घ्यावे. तेव्हा ते आपल्या देशात येऊन अडकले, आज आपण त्यांच्या देशात जाऊन अडकू शकतो.

पुढे सरकारने एकेक दार बंद केले. २०१२ मध्ये परदेशी जोडप्यांच्या व्हिसाच्या अटी कडक झाल्या. २०१५ च्या नोव्हेंबरात परदेशी लोकांसाठीची सरोगसी बंद झाली. पण त्याआधीच, व्हिसाच्या अटी कडक झाल्यावर, धंदा थांबला नव्हता, त्याने फक्त जागा बदलली होती. नेपाळने परदेशी जोडप्यांसाठी सरोगसीला मुभा दिली होती, पण नेपाळी बाईने सरोगेट व्हायचे नाही या अटीवर. मग पिशवी कुणाची? भारतातल्या गरीब बायकांची. त्यांना काठमांडूला नेऊन ठेवत. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळात मोठा भूकंप झाला. इस्राएलने विमाने पाठवून आपल्या नागरिकांची वीसहून अधिक बाळे उचलून नेली. जगभरच्या वर्तमानपत्रांत त्या बाळांचे फोटो आले. ज्यांच्या पोटातून ती आली, त्या बायकांचे काय? त्याच वर्षी नेपाळनेही हा धंदा बंद केला.

सीमा ओलांडलेल्या बाईचे काय होते, हे मला या एका प्रसंगावरून कळते. बाळाला देश होता, बाळाच्या आईबापाला देश होता. बाईला फक्त एजंट होता.

आपल्याकडचा आजचा कायदा

सरोगसी (नियमन) अधिनियम, २०२१ हा कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्याच्याच जोडीला आयव्हीएफ सेंटर आणि स्त्रीबीजदान यांसाठीचा दुसरा कायदाही त्याच दिवशी लागू झाला. दोन्हींतले आपल्या कामाचे तेवढे सांगते.

• पैसे घेऊन सरोगसी करणे, करवणे, तिची जाहिरात करणे, एजन्सी चालवणे हा गुन्हा आहे. शिक्षा १० वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड. पैशाच्या सरोगसीसाठी धावणाऱ्या जोडप्यालाही पहिल्या गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड आहे.

• बाईला मोबदला देता येत नाही. दवाखान्याचा आणि इतर ठरवून दिलेला खर्च, आणि विमा, एवढेच. बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीसाठी ३६ महिन्यांचा विमा काढणे बंधनकारक आहे.

• सरोगेट होणारी बाई २५ ते ३५ वर्षांची, लग्न झालेली (विधवा किंवा घटस्फोटित चालते) आणि स्वतःचे मूल असलेली हवी. आयुष्यात एकदाच. स्वतःचे स्त्रीबीज तिला देता येत नाही. भ्रूण पिशवीत सोडण्याआधी कधीही ती "नाही" म्हणू शकते. तिच्या लेखी संमतीशिवाय तिचा गर्भपात करता येत नाही.

• जोडपे कायदेशीर लग्न झालेले हवे. बायको २३ ते ५०, नवरा २६ ते ५५ वर्षांचा. सहसा आधीचे मूल नसावे. विधवा किंवा घटस्फोटित बाईलाही ३५ ते ४५ या वयात परवानगी मिळू शकते. सरोगसीची वैद्यकीय गरज आहे, असा जिल्हा वैद्यकीय मंडळाचा दाखला लागतो. बाळ कुणाचे, याचा प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश आधीच घ्यावा लागतो.

• जन्मलेले बाळ त्या जोडप्याचेच मानले जाते, सगळ्या हक्कांसह. अपंग आहे, मुलगी आहे, जुळे झाले, कोणत्याही कारणाने ते टाकून देता येत नाही.

• स्त्रीबीज देणारी बाई २३ ते ३५ वयाची हवी. आयुष्यात एकदाच, आणि जास्तीत जास्त ७ बीजे. त्यापुढे कुणी बोलावले तर तो गुन्हा करतो आहे, हे ओळखा.

हा शेवटचा मुद्दा मुद्दाम लिहिला. सरोगसीइतका गाजावाजा स्त्रीबीजाचा होत नाही. "दहाबारा दिवस इंजेक्शन घ्यायचं अन् पैसे घेऊन घरी" असे सांगितले जाते. त्या इंजेक्शनांनी अंडाशय सुजतात, काही जणींच्या पोटात पाणी भरते, दम लागतो, आयसीयूत ठेवण्याची वेळ येऊ शकते. घरी परतल्यावर पोट फुगू लागले आणि लघवी कमी झाली, तर लाजू नका, दवाखान्यात जा आणि इंजेक्शन घेतल्याचे खरे सांगा.

बाई परदेशी गेली तर

आता त्या ऊसतोडीच्या बाईचा प्रश्न. वर सांगितलेले सगळे संरक्षण, म्हणजे विमा, "नाही" म्हणायचा हक्क, न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश, हे भारताच्या हद्दीतले आहे. विमान सुटले की ते खाली राहते.

तिला नेणारे बहुधा पर्यटकाच्या व्हिसावर नेतात. कागदोपत्री ती फिरायला गेलेली असते, कामाला नाही. तिथे आजारी पडली, तर ती कामगार नाही. पैसे दिले नाहीत, तर मागायचे कुणाकडे? करार इंग्रजीत किंवा त्या देशाच्या भाषेत, आणि भांडण झाले तर न्यायालय तिथलेच. पासपोर्ट एजंटाच्या कपाटात. आणि त्या देशाने अचानक धंदा बंद केला, तर पकडली जाते ती पोट दिसणारी बाई. कंबोडियात असेच झाले. २०१६ मध्ये तिथल्या सरकारने सरोगसीवर बंदी घातली. २०१८ मध्ये पोलिसांनी धाड टाकून ३२ गरोदर बायकांना अटक केली. काही महिन्यांनी त्या सुटल्या, पण अट अशी की ज्या बाळांना त्या दुसऱ्यासाठी वाढवत होत्या, ती आता त्यांनीच १८ वर्षांपर्यंत सांभाळायची. श्रीमंत आईबाप त्यांच्या देशात राहिले, बाळ आणि गुन्हा दोन्ही गरीब बाईच्या पदरात.

आता नर्स म्हणून सांगते. जीएनएम करून मी चौदा वर्षे प्रसूती कक्षात काढली. सरोगसी म्हणजे "नेहमीचं बाळंतपण, फक्त लेकरू दुसऱ्याचं" असे नाही. बाहेरचा भ्रूण टिकावा म्हणून आठवडेच्या आठवडे हार्मोनच्या गोळ्या आणि इंजेक्शने घ्यावी लागतात. परक्या बीजाच्या गर्भारपणात बीपी वाढण्याचा, झटके येण्याचा धोका जास्त असतो. एकापेक्षा जास्त भ्रूण सोडले तर जुळे, मग सिझर, मग रक्तस्राव. आपल्या बायकांच्या अंगात आधीच रक्त कमी. २०१२ मध्ये अहमदाबादेत आठव्या महिन्यात एक सरोगेट आई गेली. बाळ सिझर करून वाचवले. आपल्याच देशात, मोठ्या शहरात असे झाले, तर भाषा न येणाऱ्या मुलखात तिच्यासाठी रक्त शोधायला कोण पळणार?

आणखी एक गोष्ट, जी कोणत्याच करारात नसते. बाळ मेलेले जन्मले, तरी आईला तिसऱ्या दिवशी दूध उतरते. मी अशा कितीतरी बायकांच्या छातीला पट्टे बांधले आहेत. ताप येतो, गाठी होतात, आणि बाई भिंतीकडे तोंड करून झोपते. शरीराला करार वाचता येत नाही. बाळ देऊन आलेल्या बाईलाही दूध उतरणारच. परदेशातल्या त्या खोलीत तिच्याजवळ तिची आई नसेल, बहीण नसेल.

जोडपे परदेशी गेले तर

एजंट म्हणतो, सगळे कायदेशीर. त्याला विचारा, कोणत्या देशाच्या कायद्याने? इथे एक नाही, तीन गाठी आहेत.

पहिली गाठ, आईबाप कोण? प्रत्येक देशाचे उत्तर वेगळे. जॉर्जिया, युक्रेन अशा देशांत जन्मदाखल्यावर जोडप्याचेच नाव लागते. इंग्लंडमध्ये बाळ जिच्या पोटातून आले तीच कायद्याने आई, न्यायालयाचा आदेश होईपर्यंत. थायलंडमध्ये २०१४ साली एका ऑस्ट्रेलियन जोडप्याच्या जुळ्यांपैकी डाऊन सिंड्रोम असलेला मुलगा सरोगेट आईकडेच राहिला, बहिणीला तेवढे नेले. जगभर ओरड झाली आणि २०१५ मध्ये थायलंडने परदेशी लोकांना दार बंद केले. म्हणजे आज चालते ते बाळ जन्मेपर्यंत चालेल, याची हमी कुणीच देऊ शकत नाही. जॉर्जियाच्या सरकारनेही २०२३ मध्ये परदेशी लोकांसाठी हे बंद करण्याचा इरादा जाहीर केला होता.

दुसरी गाठ, बाळाचा देश कोणता? त्या मातीत जन्मले म्हणून तो देश नागरिकत्व देईलच असे नाही. आपला नागरिकत्व कायदा सांगतो, परदेशात जन्मलेल्या मुलाचे आई किंवा वडील भारतीय असतील तर ते भारतीय होऊ शकते. पण एक वर्षाच्या आत तिथल्या भारतीय दूतावासात जन्माची नोंद व्हायला हवी आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे लिहून द्यावे लागते. जन्म देणारी दुसरीच बाई असली की "आईबाप तुम्हीच कशावरून?" हा प्रश्न येतोच. तो डीएनए चाचणीपर्यंत जाऊ शकतो. तोवर परक्या गावात, भाड्याच्या खोलीत, अंगावर न पाजलेले कोवळे बाळ घेऊन बसायचे. २०२० मध्ये कोरोनाने विमाने थांबली, तेव्हा युक्रेनमध्ये एका हॉटेलात चाळीसहून अधिक बाळे ओळीने पाळण्यांत ठेवलेली जगाने पाहिली. आईबाप दुसऱ्या देशांत अडकलेले. दोन वर्षांनी त्याच देशात युद्ध सुरू झाले.

तिसरी गाठ आपल्या इथल्या कायद्याची. पैशाची सरोगसी इथे गुन्हा आहे. ती बाहेर जाऊन केली तर इथे कुणी विचारणार नाही, असे एजंट तोंडी सांगतो. त्याला म्हणा, हे लेखी दे, आणि तो कागद एखाद्या स्वतंत्र वकिलाला दाखवा. भ्रूण तयार करून परदेशी पाठवू, असेही सांगतात. राष्ट्रीय मंडळाच्या परवानगीशिवाय भ्रूण देशाबाहेर पाठवता येत नाहीत, आणि सरोगसीसाठी बाहेरून आणणे हा तर गुन्हाच आहे. दीड एकर विकून आपण गुन्ह्याच्या दारात उभे राहतो आहोत का, हे आधी विचारा.

कायद्याशी माझे भांडण

मी कायद्याची बाजू सांगितली, पण हा कायदा मला पूर्ण पटतो असे नाही. त्यात डॉक्टरला फी आहे, सेंटरला फी आहे, वकिलाला फी आहे. नऊ महिने शरीर झिजवणाऱ्या बाईला मात्र परोपकार करायचा आहे. २०१७ मध्ये संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनेच आपल्या १०२ व्या अहवालात यावर बोट ठेवले होते आणि बाईला भरपाई मिळावी अशी शिफारस केली होती. ती मानली गेली नाही. फुकट श्रमाला आपल्या आज्यापणज्या चांगल्या ओळखत होत्या. त्याला तेव्हा येसकरकी म्हणत, वेठ म्हणत. त्यालाही पुण्याचेच नाव दिलेले असायचे.

आणि फुकट म्हटले की ओझे कुणावर पडणार? घरातल्या गरीब जावेवर, विधवा नणंदेवर, माहेरी परत आलेल्या बहिणीवर. "घरचंच लेकरू आहे, एवढं कर की." तिला नाही म्हणता येईल का?

मग पैसे घेऊन करू द्यावे का? काही कार्यकर्त्या मैत्रिणी म्हणतात, बाईचे शरीर, बाईचा निर्णय. त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. आपल्या शरीराचा निर्णय बाईनेच घ्यावा, हे मीही रोज सांगते. पण उपाशी पोटाने केलेल्या सहीला मी निर्णय म्हणत नाही. संविधानाचे कलम २३ माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी यांना बंदी घालते. १९८२ मध्ये आशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सक्ती फक्त दंडुक्याची नसते, गरिबीचीही असते. भुकेपोटी माणूस किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबतो, तेव्हा तीही वेठबिगारीच. पिशवीच्या करारालाही मी हाच निकष लावते.

आपल्या मराठवाड्यात तर पिशवीचा हिशोब जुनाच आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत खाडा होतो, खाडा झाला की दंड, म्हणून पिशवीच नको. आमच्या कळमनुरी, सेनगाव, औंढ्याकडूनही कोयते जातात, त्यामुळे ही गोष्ट आम्हाला परकी नाही. एक मुकादम म्हणतो पिशवी काढून टाक, दुसरा म्हणतो पिशवी भाड्याने दे. दोघेही उचल देतात, दोघेही घरी येऊन गोड बोलतात.

आणि म्हणूनच आपल्यातल्या नोकरदार भावाबहिणींना माझे कळकळीचे सांगणे आहे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात कामकरी बायकांना बाळंतपणाची पगारी रजा मिळावी म्हणून त्या विधेयकाला पाठिंबा दिला. पुढे मजूर खाते त्यांच्याकडे असताना खाणीतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या हक्काचे काम झाले. पोट वाढवणे हेही श्रम आहेत आणि त्या बाईची जबाबदारी समाजावर आहे, हा त्यातला विचार. त्या विचाराने आपण शिकलो, नोकरीला लागलो. आता आपल्या हातात चार पैसे आले म्हणून दुसऱ्या देशातल्या आपल्यासारख्याच वस्तीतल्या बाईची पिशवी भाड्याने घ्यायची का? कालपर्यंत आपण ज्या टोकाला होतो, तिथे आज तिला बसवायचे का? मला ते जमणार नाही.

मग करायचे काय?

मूल होत नाही, हे दुःख लहान नाही. बारशाला न बोलावलेल्या, ओटी न भरलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. आपल्या वस्त्यांतही, धम्म स्वीकारलेल्या घरांतही हे चालते, याची लाज वाटते. पहिले काम तेच. कुणालाही वांझ म्हणू नका, आणि म्हणणाऱ्याला गप्प करा.

दुसरे, आधी साध्या तपासण्या. वीर्याची तपासणी स्वस्त आहे, दुखत नाही, तरी ती सगळ्यात शेवटी होते. बाईचे थायरॉइड, पाळीचे चक्र, नळ्या मोकळ्या आहेत का, हे पाहायला हवे. पिशवीचा आणि नळ्यांचा टीबी हे आपल्याकडे मूल न होण्याचे एक मोठे कारण आहे. तो खोकल्याशिवायही असतो आणि त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

तिसरे, सरोगसीची खरीच वैद्यकीय गरज असेल, तर इथल्या कायद्याने, इथल्याच मंडळाकडे जा. वेळ लागेल, पण बाळाच्या नावाचा कागद पक्का असेल. २०२४ च्या दुरुस्तीने, वैद्यकीय कारण असेल तर दात्याचे बीज वापरण्याचीही वाट थोडी मोकळी झाली आहे.

चौथे, दत्तक. हे आपल्याकडे अजून दबक्या आवाजात बोलतात. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेब झिजले, आणि जे रखडल्याच्या संतापातून १९५१ मध्ये त्यांनी कायदेमंत्रिपद सोडले, त्याचेच तुकडे पुढे वेगवेगळे कायदे झाले. १९५६ चा दत्तक कायदा त्यातलाच एक. तो बौद्धांनाही लागू आहे. नातेवाइकांतले मूल त्या कायद्याने रीतसर दत्तक घेता येते. नोंदणी केलेला दत्तकपत्राचा कागद करून घ्या. अनाथ किंवा संस्थेतले मूल हवे असेल, तर 'कारा' या केंद्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर नोंदणी करा. रांग मोठी आहे, काही वर्षेही लागतात. पण दवाखान्यातून शंभराच्या स्टॅम्पपेपरवर बाळ देणाऱ्याच्या नादी लागू नका. दत्तकात पैसे देणेघेणे हाही गुन्हा आहे.

पाचवे, वस्तीत कुणी परदेशाचे, पिशवीचे, बीजाचे बोलू लागले तर एकटीने सही करू नका. विहारात सांगा, बचत गटात सांगा, आशाताईंना सांगा. बायकांना आणि अनुसूचित जातीजमातीच्या माणसांना विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. फोन १५१००. महिलांसाठी १८१ आहेच. सही झाली असेल तरी सांगा. या कायद्यात न्यायालय आधी हेच गृहीत धरते की बाईवर नवऱ्याने, नातेवाइकाने किंवा त्या जोडप्याने सक्ती केली असावी. तसे नाही, हे सिद्ध करण्याचे ओझे दुसऱ्या बाजूवर असते. तेव्हा भिऊ नका.

त्या शिक्षक जोडप्याने जाहिरात पुसून टाकली. बारा वर्षांत सरांची तपासणी एकदाही झालेली नव्हती, ती आता झाली. पुढचे त्यांचे खासगी आहे. दीड एकर शाबूत आहे.

आणि त्या बाईने सही केली नाही. पण घरात पैसा हवाच होता. तिने मुकादमाची उचल घेतली आणि दसऱ्यानंतर ती कोयता घेऊन कारखान्याच्या गाडीत बसली. मी तिला एका मुकादमापासून सोडवले आणि दुसऱ्याच्या गाडीत बसताना पाहिले. त्या दिवशी मला माझा रविवारचा अर्धा तास फार अपुरा वाटला. कायदा सांगणे माझे काम आहे, ते मी करीन. पण बाईला उचल घ्यावीच लागू नये, हे काम कुणा एकट्या नर्सचे नाही. येत्या वर्षावासात आपल्या विहारात, बचत गटाच्या पेटीसमोर बसून, त्याचा विचार करूया. तिच्या परतीच्या आधी काहीतरी ठरायला हवे.

जय भीम.